पावती क्रमांक एकशे बारा

डोमाजी मारभते गळाला गांडूळ लावता लावता म्हणाले,
"पाण्यात फुकटचं खाणं एकाच जागी भेटते, बापू,"
आणि गळ वर धरून दाखवला.
मी हसलो होतो.
माझ्या खिशात फोन होता.
निरोप फुकट, फोटो फुकट,
मूल वाटेवरही हरवणार नाही इतके रस्ते फुकट.

मग देवकाबाईनं मृत्यूच्या दाखल्याचं विचारलं.
नवऱ्याला जाऊन अकरा दिवस झाले होते.
फोननं तहसीलचा पत्ता दिला
आणि त्याखाली, पंधरा दिवस रोज,
अनुरूप स्थळं : चाळिशीतले, नोकरीवाले, निर्व्यसनी.
आधी ती हसली, पोरींना दाखवलं.
मग फोन धानाच्या कोठीवर ठेवून दिला, पालथा.

मच्छीमार सोसायटीच्या सभेत विषय होता बोटुकलीचा.
आयत्या वेळच्या विषयात रेवनाथ उठला.
जुना कॉम्प्युटर आला सिंदेवाहीहून, मोटरसायकलवर, चादरीत.
आता तो जाळ्यांच्या ढिगाशेजारी घुरघुरतो
आणि गावाचे निरोप त्याच्यात राहतात.
घरामागे महिना वीस रुपये.
पावती मी फाडतो.

खोटं कशाला सांगू,
लाइट गेली की निरोप जागच्या जागी बसतात.
रोवणीच्या दिवसांत सगळे एकदम बोलू लागले
की त्याला धाप लागते.
फोटो तर रात्री नऊनंतरच.
"फुकट होतं तेच बरं होतं,"
दर महिन्याला कोणीतरी म्हणतंच.
पाच घरं सोडूनही गेली.

परवा देवकाबाईनं बहिणीला लिहिलं
वर्षश्राद्धाचं : किती पानं, किती तांदूळ,
येताना मोठा गंज घेऊन ये.
पाठवलं, तरी बोट खाली सरकवत राहिली.
"याच्या खाली काई नाई?"
नाही, म्हटलं.
मग त्या पांढऱ्या जागेकडे
ती बराच वेळ बघत होती,
नुकत्याच सारवलेल्या ओट्याकडे बघावं तशी,
पाय न ठेवता.

डोमाजींचे तीन महिने थकलेत.
आज आले, पेपराच्या पुडीत वाळले झिंगे घेऊन.
"साठ रुपयाचे हायेत का, पाय."
तागडी माडीवर होती.
मी तळहातावर तोललं आणि लिहिलं :
निरोप खाते. झिंगे, अंदाजे दीड पाव. जमा.
बोटांचा वास कागदाला लागला.
खालच्या प्रतीवर तेच अक्षर,
थोडं फिकं, निळं.