जवळचा देश

मार्चअखेर आमचं काम क्लुजला जाणार.
मेलमध्ये कारण एका शब्दाचं : जवळ.
डेन्मार्कच्या बोटकंपनीला रोमानिया जवळ पडतो,
विमानाने अडीच तास, घड्याळात एकच.
आम्ही हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन.
तो वरचा अर्धा तास
चौदा वर्षांत त्यांच्यातल्या कुणालाच जमला नाही.
मीटिंगला एकतर ते तीस मिनिटं आधी येऊन बसायचे,
नाहीतर मी, तोंडात घास,
बोंबलाचा डबा कॅमेऱ्यात.

मी ऑफिसला चालत येते.
गोठिवलीच्या आळीतून निघायचं, मोठा रस्ता ओलांडायचा,
गेटवर कार्ड. आठ मिनिटं.
सव्वीसशे माणसं आहेत या इमारतीत,
बदलापूर, वसई, पनवेलहून येतात.
माझ्याइतकं जवळ कुणी राहत नाही.
पार्किंगच्या दुसऱ्या तळघराखाली
आमचं दीड एकर खारं शेत आहे.
आहेच म्हणते मी अजून.

रोज तीन ते पाच हस्तांतर.
पडद्यावर योआना, सव्वीस वर्षांची,
मागे खिडकीत बर्फ, पुढ्यात वही.
खरंच वही, कागदाची.
पहिल्याच दिवशी विचारलं,
हे सात मिनिटं थांबणं कशासाठी? सातच का?
आता काय सांगू.
दोन हजार बाराला रात्री हा प्रोग्रॅम सारखा पडायचा,
वैतागून मी खाली टपरीवर गेले, चहा घेतला,
येऊन पाहिलं तर चाललेला.
दुसऱ्या रात्रीही तसंच.
मग चहा मोजला.
दस्तऐवजात लिहिलं : अनुभवसिद्ध.

भारती म्हणजे कोण? तिने विचारलं.
भारती नाही, भरती. येणाऱ्या कंटेनरांची रांग.
आणि ओहोटी?
जाणाऱ्यांची.
आणि उघाडी?

इथे मी अडले.
खारबांधाला लाकडाची झडप असते,
ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते,
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटते.
माणूस लागत नाही.
तरी बाबा रात्री कंदील घेऊन बघून यायचे, म्हणे.
म्हणे, कारण मी ती पाहिलेली नाही.
माझ्या जन्माआधीच कागदावर आजोबांचा अंगठा झाला होता.
हे सगळं योआनाला कुठे सांगत बसू?
गेट, म्हणाले.
तिने लिहून घेतलं : गेट.

घरी बाबांनी एवढंच विचारलं,
बाय गो, किती देतान?
तीन महिन्यांचा पगार.
कागद वाचलास?
वाचला.
मग बराच वेळ माशाचे काटे काढत बसले.
आम्हाला बोललेले, घरटी एक नोकरी.
ती काही आली नाही.
आली ती तुझी, तू आणलेली.
पुढे काही बोलले नाहीत, मीठ मागितलं.

शेवटच्या आठवड्यात योआनाच्या साहेबाने
सगळी नावं इंग्रजीत करायला घेतली.
सतरा ठिकाणी तुटलं.
राहू दे, म्हणाला.
म्हणजे आता क्लुजमध्ये,
जिथे समुद्र नाही, खाडी नाही, डोंगरच डोंगर,
रोज पहाटे भरती लागेल, ओहोटी लागेल,
आणि मध्ये उघाडी.

काल ती म्हणाली, एकदा नीट म्हणून दाखव.
उघाडी.
उगादी?
घ. उघाडी. पोटातून.
दोनदा चुकली.
तिसऱ्यांदा इतकं बरोबर म्हणाली
की मी माईक बंद केला.

खाली आले तर तळघरात पंप लावलेला.
वॉचमन गुडघ्यापर्यंत पँट दुमडून,
मॅडम, कुठून येतंय कळत नाही,
प्लंबर दोनदा येऊन गेला.
मी बोट लावून चाखलं.
खारट.
आज अमावस्या ना, म्हटलं,
अजून तासभर येईल.