दोरीला हात

रात्री साडेअकरानंतर केरीत नेट बरं चालतं,
पर्यटकांचे फोन झोपतात तेव्हा.
फाईल उतरवायला लावते
आणि भाताचं भांडं घासून घेते.
चार गिगाबाईट. एक दीर्घिका.
तिला नाव नाही, घर नंबरासारखा आकडा आहे,
आणि पासवर्ड कोणी मागत नाही.

कुठल्याशा कोरड्या डोंगरावर
काचेचे एकशे सत्तावीस तंतू
षटकोनात आवळून
कोणीतरी तिच्यावर तीन तास धरले होते.
एकेका तंतूच्या वाट्याला तिचा एकेक ठिपका,
ठिपक्याला एक वर्णपट.
अशा हजारो दीर्घिका, सगळ्या जवळपासच्या;
म्हणजे उजेडाला तीस कोटी वर्षं, फार नाही.

बाबांना एवढंच सांगितलं, जाळं आहे.
"आस केवढा?"
दोन सेकंदांचा, मी म्हणाले,
कोनाचे सेकंद, घड्याळाचे नव्हेत.
ते बराच वेळ हसले.

पेडण्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते मी.
पीएचडी अर्धी राहिली, ती गोष्ट वेगळी.
रविवारी मोजते
हायड्रोजनची लाल रेषा कुठल्या तंतूत किती सरकली,
कुठली कड आपल्याकडे येते,
कुठली पाठ फिरवते.
एक्केचाळिसावीत तारे एका अंगाने फिरत होते
आणि वायू उलटा.
तीनदा मोजलं. चतुर्थीच्या सुट्टीत पुन्हा मोजलं.

बाबा म्हणाले, त्यात काय!
तेरेखोलच्या तोंडाशी वरून गोडं बाहेर पडतं,
खालून खारं आत शिरतं.
उलटं फिरणारं बाहेरून आलेलं असणार.
जाणकारही तेच म्हणतात,
फक्त त्यांना बारा पानं लागतात.

मी लहान होते तेव्हा
रापणीला चाळीस माणसं असत.
एकदा हरमलहून चालत आलेला लुंगीतला गोरा
शेवटच्या वीस हातांपुरता दोरीला लागला.
बाबांनी त्याला पाच बांगडे मोजून दिले.
फटूकाका खवळला.
"दोरयेक हात लागलो मरे तेचो,"
बाबा म्हणाले, आणि पुढचा वाटा घालायला वाकले.
गोऱ्याने बांगडे टोपीत नेले.

तो डोंगर मी पाहिलेला नाही.
थंडीत तंतू जुळवणाऱ्यांची नावं
पानभर बारीक अक्षरांत असतात,
मी ती एकदा सगळी वाचली.
मग माझीही एक्केचाळीस ओळींची यादी
उघड्यावर ठेवली, चुकांसकट.
तीन आठवड्यांनी कोणा इसिद्राचं पत्र आलं:
सतराव्या ओळीत चिन्ह उलटं पडलंय.
पडलं होतं.
कान तापले माझे. दुरुस्त केलं, आभार लिहिले.
"म्हणजे जाळं शिवायला बसलीस,"
बाबा म्हणाले.

हल्ली काळोख पडला की क्षितिजावर
एलईडी लावून ट्रॉलर उभे राहतात.
मासळी उजेडाला भुलते.
त्यांची दोरी यंत्र ओढतं,
वाटा मागायला किनाऱ्यावर कोणी उभं नसतं.
त्या पांढऱ्या झगझगाटात
पश्चिमेचे तारे खालून पुसत चाललेत.
एक्केचाळिसावी तिकडेच कुठेतरी.
डोळ्यांना ती तशीही दिसली नसती,
तरी मी तिकडे बघते.

गेल्या रविवारी रापणीत
दोन कुर्ल्या, एक चप्पल, अर्धी पाटी तारली.
बाबांनी अकरा वाटे घातले.
मुठीमुठीने.
हात धुता धुता विचारलं,
"तुझी ती यादी किती जणांनी नेली?"
फोनवर पाहिलं. चार.
"चार तर चार," म्हणाले,
आणि ओला दोर उन्हात पसरायला गेले.