बिंदू क्रमांक सेहेचाळीस

मॅनहॅटन. सुनावणीत दर माणशी तीन मिनिटं.
स्टेशनभोवती दहा मनोरे उठणार,
त्यांच्या सावल्यांचंसुद्धा वेळापत्रक तयार:
एकवीस डिसेंबर, सकाळी सव्वानऊपासून
चर्चच्या काचा, शाळेचं अंगण,
मग आमचा एकतिसावा रस्ता.

ओडेसा प्रूइट उठली.
अहवालाचा सातवा खंड तिनं भाजीच्या पिशवीतून काढला.

"आवाजाच्या तक्त्यात माझी खिडकी
म्हणजे बिंदू सेहेचाळीस.
तुमचा पोरगा यंत्र लावून गेला, जूनमधला मंगळवार.
अडुसष्ट पूर्णांक चार डेसिबल.
कारण लिहिलंय: वाहतूक.

ती वाहतूक नव्हती.
लेस्टर रेडिओवर बेसबॉल ऐकत होता,
कान गेल्यापासून मोठ्यानंच लावायचा.
पोरगा म्हणाला, जरा बंद करता?
हा म्हणाला, शेवटची इनिंग आहे, थांब की.
पोरगा थांबला नाही.
ऑगस्टात लेस्टर गेला."

पिवळा दिवा लागला.

"दुरुस्ती नकोय मला.
अंतिम अहवालात तो आकडा
आहे तसा राहू द्या, पूर्णांक चारसकट.
मनोऱ्यांबद्दल माझी नात बोलेल,
तिचा नंबर एकाहत्तर. ती भांडकुदळ आहे."

"नोंद झाली," अध्यक्ष म्हणाले,
सगळ्यांनाच म्हणत होते तसं.
पुढचा नंबर सायकलवाल्यांचा होता.