डाख

बायान लेपासच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
शिशाचं एकच टेबल उरलंय.
भोवती पिवळी पट्टी, पट्टीच्या आत योक-लान,
एकोणतीस वर्षं त्याच खुर्चीत.
मला आत यायची मनाई.
"तुझं लग्न व्हायचंय अजून, मरदिया," ती म्हणते.
मास्कमागे हसते की नाही, कळत नाही.

बाकी सगळा मजला कथलाचा झाला.
कथील, चिमूटभर चांदी, त्याहून कमी तांबं.
शिशाचा डाख आरशासारखा निवायचा,
हा निवतो साय धरलेल्या दुधासारखा.
एका चिपच्या पोटाखाली चार हजार गोळ्या,
खसखशीहून बारीक.
एक निसटली तरी चिप मुकी.

काल चाचणीच्या भट्टीतून नमुने आले.
उणे चाळीस, मग सव्वाशे, पुन्हा उणे चाळीस,
हजार वेळा.
सिलिकॉन तापलं तरी जागचं फारसं हलत नाही,
खालची पाटी फुगते,
मधल्यामध्ये गोळीची ओढाताण.
कथलाच्या कोपऱ्यातल्या गोळीला तडा होता,
केसापेक्षा बारीक.
शिशाच्या नमुन्याला नव्हता.
"शिसं वाकतं. सोसतं," योक-लान म्हणाली,
"म्हणून तर वीष."
मी म्हटलं, म्हणजे?
ती हात धुवायला गेली.
तीनदा धुते, मग नासी लमाकचा पुडा सोडते.

तिची आई कांपारला नदीत कमरेएवढी उभी राहून
लाकडी परातीत वाळू फिरवायची.
वाळू वाहून जायची, तळाशी काळं कथील.
दिवसाला मूठभर.
"कथलानं तिला काही केलं नाही," योक-लान सांगते,
"पाण्यानं केलं."

दर सहा महिन्यांनी तिचं रक्त काढतात.
यावेळचा आकडा तिनं सांगितला नाही.
कागदाची चौकोनी घडी
फोनच्या कव्हरात सरकवली.

मार्चमध्ये सवलत संपते, टेबल उचलणार.
फक्त इस्पितळाच्या यंत्रांची ऑर्डर बाकी आहे.
पट्टीपलीकडून तिनं पडदा माझ्याकडे वळवला:
कथलाच्या चिपखाली राळ भरत होती,
मधासारखी, गोळीगोळीला वळसा घालत
कोपऱ्याकडे निघालेली.
"याला एकट्याला नाही झेपत," ती म्हणाली.
"आधीच भरून ठेव."
मी वहीत लिहिलं. तापमान, वेळ, राळेचं माप.
तिचं वाक्य कुठल्या रकान्यात घालू सुचेना,
तसंच कडेला लिहिलं.

पहाटेच्या बसमध्ये ती खिडकीशी,
हात मांडीवर उलटे ठेवून,
अजून ओले.