दर्या मागे गेलाय

गुरुवारी दुपारी दोनला मी कुणाच्यातरी वरच्या जबड्याला
मेणाचा सुळा बसवत होते,
तेव्हा खाली हॉर्न वाजला. तीनदा तुटक, मग एकदा लांब.
असा हॉर्न सगळ्या कझवीनमध्ये एकटी महशीदच वाजवते,
आणि तो ऐकून दीड वर्ष झालं होतं.

तिच्या वडिलांची पांढरी प्राइड,
डाव्या दाराला अजून तोच पोचा.
'दात घासायचा ब्रश घे,' ती खालून ओरडली, 'बाकी काही नको.'
कुठे, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
मालक जेवायला गेले होते. सुळा अर्धाच राहिला.

लोशान मागे पडेपर्यंत आम्ही फक्त गाडीबद्दल बोललो :
क्लच कसा घसरतो, हीटर कसा एकाच बाजूला चालतो.
आई हा शब्द दोघींनीही
खड्डा चुकवावा तसा चुकवला.

तिची आई गेली त्या आठवड्यात मी गावातच होते.
ताप नव्हता, भांडण नव्हतं.
काळी ओढणी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती.
तिसऱ्या दिवशी वाटलं, उशीर झाला.
सातव्याला वाटलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ.
चाळिसाव्याला ओढणी पुन्हा कपाटात.
याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

मंजीलला वारा असतोच. तिथली झाडं
जन्मभर कुणालातरी वाट देत असल्यासारखी वाकलेली.
महशीदने काच खाली केली, गाडी अर्धी लेन सरकली,
आणि मी, का कोण जाणे, तिथेच बोलून गेले.
एका दमात. सगळं. ओढणीसकट.
'काय?' ती ओरडली.
'काही नाही. रुदबारला ऑलिव्ह घ्यायचे का?'
'घेऊ की.'

घेतले दीड किलो, अक्रोड आणि डाळिंबाच्या रसात मुरवलेले.
मग एकाएकी सगळं हिरवं, ओलं, भातखाचरांचं;
आमच्याकडच्या खडकांना इथे कुणी ओळखतही नसावं.
रश्तमध्ये रस्ता चुकलो, लसूण घातलेलं वांगं खाल्लं,
पुन्हा चुकलो.

अंझलीत हॉटेलं भरलेली, आणि धुकं इतकं
की समुद्र दिसेना.
'ऐकू येतोय ना? मग आहे,' चहावाला मश रहमत म्हणाला.
'पूर्वी या भिंतीपर्यंत यायचा. आता मागे गेलाय.
रागाने नाही हो. पाणीच कमी झालंय बिचाऱ्याचं.'
महशीद म्हणाली, शाळेत तर शिकवलं, हे तळं आहे.
त्याने पेला पुसला. 'तळ्यात माझे दोन भाऊ बुडाले असते?'
मग जरा थांबून,
'म्हणजे बुडाले नाहीत. पण थोडक्यात वाचले.'

गाडीतच झोपलो, खुर्च्या मागे पाडून.
बऱ्याच वेळाने अंधारातून ती म्हणाली,
'मंजीलला ऐकलं मी.'
'मग काय, असं का विचारलंस?'
'पुन्हा म्हणतेस का, ते बघायचं होतं.'

इथे वारा नव्हता.
पुन्हा म्हणाले. या वेळी फार थोडे शब्द लागले.

'आईचा खालचा दात तू केला होतास ना,' ती म्हणाली.
'तो काढला नाही आम्ही. गेला तिच्याबरोबर.'
मग कुशीवर वळली,
आणि वळता वळता हीटरची झडप
माझ्या बाजूला फिरवली.

सकाळी बाजारात एक पांढरा मासा घेतला,
कझवीनला साफ कोण करणार याचा विचार न करता.
धुक्यातून दर्या दिसला शेवटी,
वाटला होता त्याहून बराच लांब.
वाळूवर चालत गेलो. बूट ओले होईपर्यंत.

शनिवारी सुळा पुरा करायला घेतला
तर मेणात एक खवला.
मालक दारातून विचारत होते,
गुरुवारी दुपारी कुठे होतीस.