तू म्हणताना

डॉक्टर वालादारेश लिस्बनचे.
त्यांचं पोर्तुगीज इस्त्री केलेलं,
आता माझंही तसंच.
टोरांटोत अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ या दवाखान्यात,
लोकांच्या उघड्या तोंडांपाशी
स्वतःचं तोंड सांभाळत.

सांभाळायचं म्हणजे एकच अक्षर.
आमच्या बेटावर 'ऊ' म्हणताना ओठांचा चंबू होतो,
शिट्टी वाजवायला घ्यावी
आणि वाजवायचीच राहून जावी, तसा.
आणि तो 'ऊ' नेमका बसलाय 'तू'च्या पोटात.
म्हणून मी 'तू' म्हणणंच सोडलं.
सगळ्यांना अहो-जाहो :
पेशंटला, पोस्टमनला, खालच्या मजल्यावरच्या मांजरीला.
डेरिकलासुद्धा.
"आपण दूध प्यायलात का?"
असं विचारते मी
माझ्या सहा वर्षांच्या मुलाला.
शेजारणीला वाटतं, काय संस्कार आहेत.

अख्खं बेट वीस कोसांचं,
तरी एका धक्क्यावरचं बोलणं दुसऱ्या धक्क्याला हसतं
आणि आमच्या गावाला सगळेच.
लग्नात दारू चढली की आमची नक्कल होते,
नाकात बोलून, चंबू करून, पँट वर खोचून.
गावाचं नाव माशाची शेपटी.
खरंच. नकाशावर तसंच छापलंय.
कुणी विचारलंच तर मी सांगते, पोंता देलगादा.
बंदराचं शहर, बसने अर्धा तास.
अर्ध्या तासाचं खोटं
एवढ्या समुद्रापलीकडून कुणाला दिसतंय?

फेब्रुवारीत लाउदालीनो फुर्तादो आले.
वय एकोणऐंशी, जन्मभर छपरं शाकारली,
खालची दाढ, रूट कॅनल.
इंजेक्शननं अर्धा जबडा गेलेला,
तरी ड्रिल सुरू झालं तसं त्यांनी माझं मनगट धरलं.
अशी पकड मी ओळखते. ओला दोर ओढलेल्या हाताची.
आणि माझ्या तोंडून गेलं :
"घाबरतोस काय तू, मी आहे ना!"

चंबूसकट गेलं.

डॉक्टरांनी मान वर केली नाही.
म्हाताऱ्याचे डोळे मात्र
माझ्या मास्कवर येऊन थांबले,
जणू कापडाआडचे ओठ दिसत होते.

मग चूळ भरून, हनुवटीवरून लाळ गळत असताना, ते म्हणाले,
"शेपटीची."
हा प्रश्न नव्हता.
"वरच्या आळीची. धक्क्याकडच्या बायका 'तू' आखूड म्हणतात."

मी म्हटलं, "नाही हो. मी पोंता देलगादाची."
कडक इस्त्री करून म्हटलं.

ते हसायला गेले, अर्धंच तोंड हसलं.
"असेल. कान म्हातारे झाले.
आमची हीसुद्धा असंच दटावायची."

त्यांची बोली कुठली, मला कळेना.
सुन्न जीभ कुठल्याच गावाची नसते.
कोटाची बाही त्यांना सापडत नव्हती, मी हात घालून दिला.
कार्डावर लिहिलं : दोन तास गरम पिऊ नये,
त्या बाजूने चावू नये.
कोण होती ती, कुणाची मुलगी, पाण्याच्या टाकीच्या वर की खाली,
एवढं सगळं विचारायचं होतं
आणि मी विचारलं, "रोख की कार्ड?"
ट्राम आली. ते पायरी चाचपत चढले.

रात्री डेरिक वाटाणे बाजूला काढत बसला होता.
मी दार लावून घेतलं. का, माहीत नाही.
म्हटलं, "तू जेवलास?"

त्याने मागे वळून पाहिलं.
मग माझ्या हाताकडे, हातात फोन आहे का ते.
"मम्मा, कुणाशी बोलतेयस?"

एकोणीस तारखेला लाउदालीनो पुन्हा यायचे आहेत,
दाढेला कॅप बसवायला.
त्याला इंजेक्शन लागत नाही.