नेकार

पुण्याची गाडी धक्क्यावर येऊन थांबते, काच खाली होते,
आणि कुणीतरी विचारतं,
फेरीबोटीला वेळ आहे ना अजून?
मग तोवर दाभोळात बघण्यासारखं काय?
आधी लाँच, मग गाड्यांची फेरी,
एकतीस वर्षं मी इथे तिकिटं फाडली.
हा प्रश्न काही मला पार करता आला नाही.

गेल्या मे महिन्यात मी स्वतःच तो विचारला,
लेकीला, जर्मनीत, एका पुलावर उभा राहून.

तनुजा तिकडे गाळ शिकते.
गाळ! तिची आई म्हणाली होती, त्यासाठी एवढ्या लांब?
आपल्या खाडीत काय कमी पडला?
विद्यापीठ साडेपाचशे वर्षांचं, गाव त्याच्याभोवती उगवलेलं,
नदीचं नाव नेकार.
मला ऐकू आलं नकार.
म्हटलं, हिने तर पहिल्या भेटीतच तोंडावर दार लावलं.

तिने मला फिरवलं.
लाकडाची हाडं बाहेरून दिसणारी घरं,
चढाच्या दगडी गल्ल्या, थेट आपल्या पाखाड्या,
फक्त शेवाळ नाही,
आणि दारातून कुणी विचारत नाही, कुणाकडचे तुम्ही?
एक कोठडी दाखवली.
दंगा करणाऱ्या पोरांना विद्यापीठच कोंडायचं म्हणे,
त्यांनी आत बसून भिंती रंगवल्या.
आता तीच भिंत बघायला तिकीट.
तिकिटाला मी नीट हात लावून पाहिला. कागद चांगला होता.

बाकी वेळ मी नदीकडे बघत होतो.
सकाळी आठला पाहिली, जेवणानंतर पाहिली,
दिवेलागणीला मुद्दाम जाऊन पाहिली.
काठच्या दगडावरची ओली रेघ तिथल्या तिथे.
तनू, हिला भरती कधी?
ती हसली नाही.
इथे नसते बाबा. समुद्र फार लांब.
पाणी एकदा गेलं की गेलं.

मग आम्ही बराच वेळ पुलाच्या कठड्यावर
कोपरं टेकून उभे राहिलो.

खालून लांबट नावा जात होत्या.
वल्हं नाही, शीड नाही,
मागच्या टोकाला उभं राहून पोरं काठी रोवतात.
एकाची काठी चिखलात रुतली,
नाव पुढे, काठी मागे, पोरगं मधे लोंबकळत,
पुलावरच्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.
माझं मनगट आपोआप वळलं.
अरे ओढू नको, पीळ तिला, पीळ!
त्याने वर बघून हात हलवला.

शेवटच्या दिवशी तिची प्रयोगशाळा.
मी कोकमाच्या आगळाच्या बाटलीतून नेलेला खाडीचा गाळ
काचेच्या कपाटात, चिठ्ठी लावून:
दाभोळ, तारीख,
आणि खाली मराठीत, बारीक अक्षरात, ओहोटी.
शेजारी नेकारचा, फिकट, सभ्य.
तिने आमच्या बाटलीचं झाकण उघडलं
आणि त्या धुतल्या खोलीत सबंध बंदर शिरलं.
तिची मैत्रीण नाक दाबून बाहेर गेली.
तनुजा तशीच उभी,
बाटलीच्या तोंडाशी नाक,
डोळे मिटलेले.
मी खिडकीबाहेर बघितलं.

आता निवृत्त झालोय, तरी येऊन बसतो धक्क्यावर.
आज पुन्हा गाडी, पुन्हा काच.
म्हटलं, काळ्या दगडाची मशीद आहे, जाऊन या.
वर चंडिकेची गुहा आहे, आत नुसता तेलाचा दिवा.
पण त्याआधी जरा उतरा.
तो कालवं लागलेला दगड दिसतोय? बुडालेला?
बघत राहा त्याच्याकडे.
पाणी आत्ताच निघालंय.
रात्री परत येईल.

मागच्या सीटवरचा मुलगा तेवढा उतरला.
बाकीच्यांनी काच वर केली, एसी सुरू होता.